हात हलवणारा पाहुणा: साराजेव्हो, १९ जून १९९४



आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की डोळ्यांसमोर एसटीचा कंडक्टर येतो. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, हातात तिकिटं आणि दोरी ओढून दिलेली डबल बेल. गाडी तो चालवत नाही, पण त्यानं बेल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. आजचा कंडक्टर वेगळा आहे, पण ही डबल बेल लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आज मी तुम्हाला एका मैफलीची गोष्ट सांगणार आहे. मी पायदळातला माणूस, संगीताचा पंडित नाही. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद असं कुठून कुठून ऐकणारे तुम्ही लोक, तुमच्यात माझ्यापेक्षा जास्त कानसेन असतील. पण या मैफलीचा संबंध वेढ्याशी आहे, मृत्यूशी आहे आणि मेलेल्यांच्या मानवंदनेशी आहे. त्या तिन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत. म्हणून हा विषय घेण्याचं धाडस करतो.

हात हलवून काय होतं?

पहिल्यांदा साधा प्रश्न. पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर उभा राहून एक माणूस हात हलवतो. तो स्वतः एकही सूर काढत नाही. मग त्याचं काम काय?

आपल्या संगीतात असा माणूस नसतो. गवई गातो, तबलजी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, पेटीवाला कान देऊन मागे मागे येतो. चार माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून समेवर येऊ शकतात. पण साठ वादक आणि तेवढेच गायक असतील तर? शेवटच्या रांगेतला पुणेरी ढोलवाला पुढच्या ताशाकडे बघूनच टिपरू हाणतो, हे गणपतीत आपण पाहतो. तासे बंद पडले तर ढोल क्षणात विस्कटतात. माणसं वाढली की कुणीतरी एकानं वेळ धरावी लागते.

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं. तिन्ही दलांचे बँड एकत्र उभे राहतात. प्रत्येक बँडचा आपला बँडमास्तर असतो. पण सगळे एकत्र वाजवायला लागले की समोर एकच मुख्य कंडक्टर असतो. आवाजाला मागच्या रांगेतून पुढे यायला वेळ लागतो. कानावर भरवसा ठेवला तर मागचा मागेच राहतो. म्हणून कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायचा आणि हाताकडे बघायचं.

आमच्या सेंटरच्या बँडमास्तर साहेबांनी मला ही गोष्ट एका वाक्यात शिकवली होती. ते म्हणाले, “सर, हात खाली येतो तेव्हा सूर निघतो असं लोकांना वाटतं. खरं काम हात वर जातो तेव्हा होतं.” हात वर जाताना समोरचा प्रत्येक जण श्वास घेतो. क्लॅरिनेटवाला घेतो, ट्रंपेटवाला घेतो, गायक तर घेतोच. व्हायोलिनवाल्याला वाजवायला श्वासाची गरज नाही, पण त्याचा गजसुद्धा त्याच क्षणी उचलला जातो. हात किती वेगानं वर गेला यावरून पुढची लय कळते. किती मोठा गेला यावरून आवाज किती काढायचा ते कळतं. म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावणं हे कंडक्टरचं पहिलं काम. हीच ती डबल बेल.

उजव्या हातात बहुधा छोटी काठी असते, तिला बॅटन म्हणतात. तो हात मात्रा दाखवतो. डावा हात बाकीचं सांगतो: तुम्ही आता या, तुम्ही जरा हळू, हा सूर धरून ठेवा. गायकवृंदात साधारण चार थर असतात. बायकांचे दोन, उंच आवाजाचा सोप्रानो आणि खालचा आल्टो. पुरुषांचे दोन, वरचा टेनर आणि खालचा बास. चौघांचे स्वर वेगळे, कधी कधी शब्दही वेगवेगळ्या वेळी येतात. हे सगळं ज्या वहीत लिहिलेलं असतं तिला स्कोर म्हणतात. वादकासमोर फक्त त्याच्या वाद्याचे कागद असतात. सगळ्यांचं सगळं एकत्र फक्त कंडक्टरच्या वहीत असतं. फौजी भाषेत सांगायचं तर प्लॅटून कमांडरकडे त्याच्या टेकडीचा नकाशा असतो आणि कमांडिंग ऑफिसरकडे पूर्ण खोऱ्याचा.

पाहुणा येतो तेव्हा

आता ‘पाहुणा कंडक्टर’ ही काय भानगड आहे?

प्रत्येक मोठ्या वाद्यवृंदाचा एक घरचा प्रमुख असतो. तो वर्षभराचा कार्यक्रम ठरवतो, नवे वादक निवडतो, त्यांना घडवतो. पाहुणा मात्र चार दिवसांसाठी येतो. त्यानं कुणाला निवडलेलं नसतं, कुणाला शिकवलेलं नसतं. समोर अनोळखी चेहरे, हातात तीन-चार तालमी आणि मग थेट कार्यक्रम.

या चार दिवसांमागे इतरांचे कित्येक आठवडे असतात, हे श्रोत्यांना दिसत नाही. गायकवृंदाचा स्वतःचा एक शिक्षक असतो. तो पियानोवर बसून एकेक थर वेगळा घोटून घेतो, उच्चार पक्के करतो, श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा वहीत करून घेतो. वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनचा म्होरक्या असतो, त्याला कॉन्सर्टमास्टर म्हणतात. गज कुठे वर, कुठे खाली, हे तो ठरवतो. पाहुणा आला की आधी गायकांना पियानोवर ऐकतो, मग वाद्यवृंद वेगळा, मग एकल गायक आणि शेवटी सगळे एकत्र. आधीच्या लोकांनी तयारी केली नसेल तर जगातला सर्वांत मोठा पाहुणाही चार दिवसांत काही करू शकत नाही.

पलटणीत बाहेरून नवा अधिकारी तात्पुरता आला की पहिल्या तासात जवान त्याला जोखतात. कंपनीचे सुभेदार साहेब काही बोलत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागलेला असतो. वादकही तसेच. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना कळतं की या माणसानं वही वाचली आहे की नुसताच रुबाब आहे. पाहुण्याला हुकूम चालवता येत नाही. त्याला विश्वास मिळवावा लागतो आणि तोही लवकर.

एवढं समजलं की आता आपण साराजेव्होला जाऊ.

वेढ्यातलं शहर

साराजेव्हो ही बोस्निया-हर्झेगोविनाची राजधानी. मिलयात्स्का नावाच्या नदीच्या काठानं लांबट पसरलेलं शहर, चारी बाजूंनी डोंगर. १९८४ साली इथं हिवाळी ऑलिंपिक झालं होतं. मुसलमान, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, कॅथलिक ख्रिस्ती आणि ज्यू शेकडो वर्षं इथं एकमेकांच्या शेजारी राहत आले. युगोस्लाव्हिया फुटला आणि एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियन सर्ब फौजांनी शहराभोवतीचे डोंगर धरले.

ज्यानं डोंगर धरला त्याच्या हातात शहर, हे कुठलाही शिपाई सांगेल. तिथून तोफा आणि उखळी तोफा शहरावर चालत. नेमबाज चौकाचौकावर नजर ठेवून असत. पाणी आणायला निघालेली बाई, शाळेतून येणारं पोर, कुणीही निशाण्यावर. हा वेढा २९ फेब्रुवारी १९९६ रोजी संपल्याचं जाहीर झालं. १,४२५ दिवस. आधुनिक युद्धाच्या इतिहासात कुठल्याही राजधानीला इतका लांब वेढा पडलेला नाही.

या कहाणीत एक धागा आपल्याकडचाही आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली युगोस्लाव्हियात शांतिसेना पाठवली, तिचे पहिले सेनापती भारतीय होते. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. मार्च १९९२ ते मार्च १९९३ हे एक वर्ष त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. सुरुवातीला त्यांचं मुख्यालय साराजेव्होतच होतं. म्हणजे शहराभोवती फास आवळला जात असताना एक भारतीय सेनापती तिथंच होता. पण शांतिसेनेला लढायचा अधिकार नव्हता आणि राखायला शांतताही उरली नव्हती. सैनिकाला याहून कठीण जागा नसते.

लोक जगायचं कसं ते शिकले. विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा खणला, त्यातून पीठ, औषधं आणि हत्यारं आणली. बागेतली झाडं तोडून चुली पेटवल्या. आणि मेलेल्यांना संध्याकाळच्या अंधारात पुरलं, कारण दिवसा अंत्ययात्रेवरही गोळ्या येत. ऑलिंपिक स्टेडियमच्या शेजारचं मैदान कबरस्तान झालं. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. हजारो माणसं मेली आणि त्यांच्यासाठी चार माणसांना दिवसाउजेडी एकत्र उभं राहून रडता आलं नाही.

जळलेली इमारत

नदीकाठी एक देखणी इमारत आहे, तिचं नाव व्हियेच्नित्सा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत, १८९६ साली ती नगरभवन म्हणून उघडली. मूरिश धाटणीच्या कमानी, मधोमध काचेच्या छताखाली मोठं दालन. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच इमारतीतल्या स्वागत समारंभातून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात नदीकाठच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पहिल्या महायुद्धाची ठिणगी ती.

पुढे या इमारतीत राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय आलं. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री डोंगरावरून तिच्यावर आग लावणारे गोळे टाकले गेले. सुमारे १५ लाख ग्रंथ तिथं होते, त्यांतले बहुतेक जळाले. लोकांनी हातोहात साखळी करून जमेल तेवढी पुस्तकं बाहेर काढली. जळक्या कागदांची राख शहरावर पडत राहिली. उरले ते काळवंडलेले खांब आणि वर उघडं आकाश.

मैफल झाली ती याच दालनात.

पाहुणा कोण होता?

पाहुणा आपल्या मुंबईचा होता. झुबिन मेहता, जन्म २९ एप्रिल १९३६, पारशी घराणं. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्याचे वादक तेव्हा मुंबईत नाइट क्लबात, मूकपटांच्या थिएटरात आणि पुढे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवत. पाश्चात्त्य वाद्यांचा मुंबईतला मोठा आधार म्हणजे ही गोवेकर मंडळी. अशा मुंबईत झुबिन वाढले. डॉक्टर व्हायची वाट धरली होती, ती सोडली आणि १९५४ साली अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले.

तिथं त्यांनी एक युक्ती केली, ती मला फार आवडते. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बघता येत नसत. म्हणून झुबिन मेहता आणि त्यांचे मित्र क्लाउडिओ अबाडो गायकवृंदात बास म्हणून भरती झाले. तालमीत गायचं आणि समोरच्या माणसाचे हात निरखायचे. म्हणजे हुकूम देण्याआधी ते हुकूम घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले होते. अधिकाऱ्यानं आधी जवानाबरोबर खंदक खणावा असं आम्हाला शिकवतात, ते यासाठीच.

१९५६ साली हंगेरीतला उठाव चिरडला गेला, निर्वासित ऑस्ट्रियात आले. विद्यार्थी असलेल्या मेहतांनी काही दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि निर्वासितांच्या छावणीत जाऊन वाजवलं. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल, फ्लॉरेन्स इथले वाद्यवृंद त्यांनी सांभाळले. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडत असताना त्यांनी तिथं कार्यक्रम केले आणि श्रोते गॅस मास्क घेऊन आले. युद्धाच्या जागी संगीत घेऊन जाणं त्यांना नवीन नव्हतं.

त्यांच्याबरोबर साराजेव्होला चार एकल गायक आले: सोप्रानो चेचिलिया गास्दिया, मेझो-सोप्रानो इल्दिको कोम्लोशी, टेनर होसे कारेरास आणि बास रुजेरो रायमोंदी. कारेरास १९८७ साली रक्ताच्या कर्करोगानं मरणाच्या दारात होते, त्यातून परत आले होते. वाद्यवृंद आणि गायकवृंद मात्र साराजेव्होचाच होता. आणि माझ्या मते या गोष्टीचा गाभा तिथंच आहे.

अर्धवट राहिलेली रचना

त्या दिवशी सादर झाला मोत्सार्टचा रेक्विएम. रेक्विएम म्हणजे कॅथलिक पंथातली मृतांसाठीची प्रार्थना, भाषा लॅटिन. १७९१ साली काउंट वॉल्सेग नावाच्या एका सरदारानं आपल्या तरुणपणी वारलेल्या बायकोसाठी ही रचना मोत्सार्टकडून गुपचूप मागवली. लिहिता लिहिता ५ डिसेंबर १७९१ ला मोत्सार्टच गेला, वय ३५. पहिला भाग पूर्ण, मधल्या भागांत गायकांचे स्वर आणि बाकीच्या खुणा, आणि ‘लाक्रिमोसा’ म्हणजे अश्रूंच्या दिवसाबद्दलच्या भागाच्या अवघ्या आठ ओळीएवढ्या मात्राखंडांवर लेखणी थांबलेली. त्याचा सहकारी झ्युसमायर यानं उरलेलं पुरं केलं. शेवटी त्यानं मोत्सार्टच्या सुरुवातीच्याच स्वरांवर नवे शब्द बसवले, त्यामुळे रचना जिथून निघते तिथंच परत येते.

साधारण तासाभराची ही रचना ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, वाद्यांचा रंग. बासरी नाही, ओबो नाही, हॉर्न नाही. बॅसेट हॉर्न नावाची खालच्या आवाजाची क्लॅरिनेटची बहीण आणि बसून. त्यामुळे सुरुवातीपासूनच आवाज काळसर आहे. दोन, ‘कीरिये’ हा भाग. चारही थर एकामागून एक येतात, तीच चाल घेऊन एकमेकांच्या अंगावरून पुढे जातात. इथं कंडक्टरचा डावा हात बघा, प्रत्येक थराला तो आत बोलावतो. तीन, ‘तूबा मीरुम’. कयामतीच्या दिवशी कबरींतून सगळ्यांना उठवणाऱ्या तुतारीचं वर्णन आहे. एक ट्रॉम्बोन एकटा वाजतो आणि मग बास गायक एकटा गातो. फौजी माणसाला तिथं दुसरंच काही आठवतं. ते पुढे सांगतो.

१९ जून १९९४

त्या वर्षी ५ फेब्रुवारीला मार्काले नावाच्या मंडईत तोफगोळा पडून ६८ माणसं मेली. त्यानंतर नाटोनं दम दिला, जड तोफा शहरापासून वीस किलोमीटर मागे घ्यायला लावल्या. त्यामुळे जून महिना थोडा शांत होता. थोडा, पूर्ण नाही. वेढा तसाच होता.

त्या जळक्या दालनात वादक बसले, मागे गायक उभे राहिले. वर छत नाही. दूरचित्रवाणीवरून तो कार्यक्रम अनेक देशांत दाखवला गेला.

मी तो तेव्हा पाहिला नाही. १९९४ साली मी काश्मीर खोऱ्यात कंपनी सांभाळत होतो. तिथं टीव्हीपेक्षा वायरलेसकडे कान असे. १९९७ साली प्रशिक्षण केंद्रात बदली झाली आणि बँडमास्तर साहेबांनी एका रविवारी व्हिडिओ कॅसेट लावली. “सर, आपल्या मुंबईच्या माणसानं काय केलंय बघा,” म्हणाले.

मी आधी फार उत्साहात नव्हतो. खरं सांगायचं तर थोडा चिडूनच बसलो. माणसं मरताहेत आणि हे लोक विमानानं येऊन गाणी गाणार, टीव्हीवर दाखवणार आणि परत जाणार. यानं एक तरी तोफ थांबते का?

उत्तर सरळ आहे, नाही थांबत. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. ऑगस्टमध्ये मार्काले मंडईत पुन्हा गोळा पडला. युद्ध थांबलं ते नाटोच्या विमानांमुळे, जमिनीवरचं पारडं फिरल्यामुळे आणि डिसेंबर १९९५ मध्ये झालेल्या करारामुळे. संगीतानं युद्ध थांबतं असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही.

पण कॅसेट बघताना माझं लक्ष मेहतांवरून हललं आणि गायकांच्या चेहऱ्यांवर गेलं. ही माणसं बाहेरून आलेली नव्हती. ती याच शहरात दोन वर्षं मृत्यू बघत होती. त्यांनी आपले आवाज जपले होते आणि वाद्यं सांभाळली होती. पाहुण्यानं सूर आणलाच नाही. सूर तिथं होताच. त्यानं फक्त हात वर केला आणि सगळ्यांनी एकत्र श्वास घेतला. ज्या शहराला आपली माणसं अंधारात, घाईनं, गुपचूप पुरावी लागली, त्या शहरानं त्या दिवशी सगळ्या जगासमोर आपल्या मेलेल्यांचं नाव न घेता सुतक पाळलं. प्रार्थना कॅथलिकांची, शहर सगळ्या धर्मांचं. गोळ्यांनी धर्म विचारला नव्हता.

‘तूबा मीरुम’चा ट्रॉम्बोन वाजला आणि मी साहेबांना कॅसेट थांबवायला सांगितली.

माझं राहिलेलं देणं

जानेवारी १९९४. माझ्या कंपनीत सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. बँडमधला पोरगा, आमच्या चौकीवर बिगुल तोच वाजवायचा. लढाईच्या वेळी बँडवाले स्ट्रेचर उचलतात हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. जखमीला आणायला गेला आणि त्यालाच गोळी लागली. बर्फानं रस्ता बंद, हेलिकॉप्टर येईना. शहीद जवानाचं पार्थिव गावी पाठवण्याची पद्धत कारगिलनंतर रूढ झाली, तेव्हा ती सर्रास नव्हती. आम्ही तिथंच अग्नी दिला. शोक शस्त्र झालं. पण लास्ट पोस्ट वाजवायचा कुणी? चौकीवर बिगुल वाजवणारा एकच होता आणि तो चितेवर होता.

सहा महिन्यांनी सुटीवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. आईनं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “साहेब, माझ्या पोरासाठी बिगुल कुणी वाजिवला?”

मी म्हणालो, “वाजवला, आई. सगळ्यांनी मानवंदना दिली.”

अर्धं खरं, अर्धं खोटं. ते खोटं माझ्याबरोबर तीन वर्षं फिरत होतं. त्या रविवारी बँडमास्तर साहेबांना पहिल्यांदा सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले आणि म्हणाले, “सर, तुमची रजा कधी आहे? मी आणि एक बिगुलर येतो.”

आम्ही गेलो. गावच्या शाळेच्या मैदानात पंचवीस-तीस माणसं जमली. मी आधी आईंना खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या. पंचक्रोशीतले दोन-तीन माजी सैनिक आपली पदकं लावून आले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. लास्ट पोस्ट वाजला, दोन मिनिटं मौन, मग राउज. जेमतेम पाच मिनिटांचं काम. संपल्यावर आई म्हणाल्या, “आता झालं, साहेब. चला, चहा घ्या.”

आम्हीही पाहुणेच होतो. त्यांचं दुःख आम्ही नेलं नव्हतं आणि हलकंही करू शकत नव्हतो. पण जे राहिलं होतं ते पुरं करायला कुणीतरी बाहेरून येऊन सुरुवात करावी लागते. मोत्सार्टची वहीसुद्धा दुसऱ्याच्याच हातानं पुरी झाली होती.

पुढे काय झालं

२०१३ साली सप्टेंबरमध्ये मेहता श्रीनगरच्या शालिमार बागेत आले. त्या वेळी जर्मनीतला बव्हेरियाचा सरकारी ऑपेराचा वाद्यवृंद बरोबर होता. काही काश्मिरी कलाकारही त्यात वाजवायला बसले. निमंत्रितांसाठीचा कार्यक्रम, भोवती कडक बंदोबस्त आणि खोऱ्यात त्या दिवशी बंद. संगीत उत्तमच होतं. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की फरक कळतो. साराजेव्होत गाणारे आणि शोक करणारे तेच होते. श्रीनगरात बहुतेक आवाज बाहेरून आला होता आणि ज्यांच्यासाठी तो होता त्यांतले बहुतेक कुंपणाबाहेर होते. माझी जवानी त्या खोऱ्यात गेली, म्हणून हे बोलताना मला आनंद होत नाही. पाहुण्याचा हात दोन्हीकडे तोच होता. फरक समोर कोण उभं होतं याचा होता.

व्हियेच्नित्सा पुन्हा बांधून ९ मे २०१४ रोजी उघडली. त्याच वर्षी २८ जूनला, युवराजाच्या हत्येला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदानं तिथं मैफल केली. त्याआधी, ६ एप्रिल २०१२ ला, वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक मेलेल्या माणसासाठी एक रिकामी खुर्ची. त्यांत मुलांसाठी ६४३ छोट्या खुर्च्या होत्या. त्या रिकाम्या खुर्च्यांपुढेही संगीत झालं, गायकवृंद गायला. शहर आपली पद्धत विसरलं नव्हतं.

हा रेक्विएम कधी ऐकलात तर आधी एकदा डोळे मिटून ऐका. मग एकदा चित्रफीत लावून फक्त कंडक्टरचा हात वर जातो तो क्षण बघा. त्या क्षणी अजून एकही सूर निघालेला नसतो. समोरची सगळी माणसं फक्त श्वास घेत असतात.

आणि तुमच्या ओळखीत कुणाचं असं काही राहिलेलं असेल, करायचं राहून गेलेलं सुतक, द्यायची राहिलेली मानवंदना, सांगायचं राहिलेलं खरं, तर पुढच्या रजेची वाट बघू नका. मी तीन वर्षं घालवली.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.